उमरीचा हापसा आणि अंदमानचं जहाज

उमरी, जि. नांदेड
१२ जानेवारी १९८७

प्रिय दानम्मा,

संक्रांतीला तिळगूळ पाठवणं यंदाही जमलं नाही. बातमी पाठवते, तीवर भागव.

अहमदपूरच्या शाळेत शिकवत असताना माझ्या वर्गात देविदास नावाचा मुलगा होता. तो आता अंदमानात, पोर्ट ब्लेअरच्या बंदरात वायरमन आहे. त्याची बायको गोदा बाळंतपणासाठी नांदेडला माहेरी आली आहे. परवा ती लेकरू घेऊन मला भेटायला उमरीला आली. चहा पिता पिता म्हणाली, "बाई, मी मे महिन्यात परत जाणार हाय. हे म्हणतात, बाईंनी मला बेट शिकवलं, आता मी बाईंना बेट दाखवतो. चला की माझ्यासंगं."

मी हसून सोडून दिलं. ती गेल्यावर मात्र सोडून देता येईना. दानम्मा, चौतीस वर्षं झाली, मी चौथीच्या मुलामुलींना शिकवते आहे की चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेल्या जमिनीला बेट म्हणतात. फळ्यावर निळ्या खडूनं समुद्र काढते. आणि मी स्वतः समुद्र पाहिलेला नाही. मुलींनी कधी विचारलं नाही, म्हणून मी कधी सांगितलंही नाही. येत्या तीस जूनला मी रिटायर होते आहे. त्याआधी एकदा तरी खरं बोलून शिकवावं असं वाटतं.

गाडीनं मद्रास, तिथून जहाज, तीन दिवसांचा प्रवास. राहायला देविदासचं क्वार्टर आहे. पण तिथली गंमत मी एकटीनं बघून कुणाला सांगू? आपण दोघी एका पाटीवर लिहायला शिकलो. तू पाचवीच्या आधी लग्न ठरवून बसलीस आणि दालमिलवाल्यांची मालकीण झालीस, नाहीतर तूही आज कुठं तरी हेडबाई असतीस.

येतेस का?

तुझी,
रुक्मिणी


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
लातूर
२० जानेवारी

रुक्मे, तुला शरणार्थ.

पत्र आलं तवा मी डाळ निवडत होते. वाचलं आन सूप बाजूला ठेवलं. मी येते.

आता जे इचारायचं ते इचारते. बेट हलतं का? जहाज हलतं हे मला ठाव हाय. पण चारी बाजूंनी पाणी म्हणल्यावर खालून बी पाणीच असंल, मंग ते एका जाग्यावर कसं राहतं? मी बी चौथी शिकले, पण तो धडा झाला त्या दिवशी मी घरी असंल. दुसरं, तिथं बायका लुगडं नेसतात का? मी काई झगा घालणार न्हाई, आधीच सांगते. तिसरं, तिथं समद्यांच्या घरी मासळी शिजत असंल आन माझ्या गळ्यात लिंग हाय. त्याचा काय इंतजाम करायचा ते तू गोदाला नीट समजावून सांग.

इथं नळ आता आठव्या दिवशी येतोय. लातूर जिल्हा झाला तवा गंजगोलाईत पेढे वाटले होते. आता चार वर्षांत साहेब लोक बक्कळ आले, कचेऱ्या आल्या, पाणी तेवढं आलं न्हाई. आमच्या गल्लीत बायका टँकरचा भोंगा ऐकला की तव्यावरची भाकरी टाकून पळतात. मी परवा अशी पळाले की एका पायात माझी चप्पल आन दुसऱ्या पायात सुनेची. म्हणून म्हणते, जिकडं बघावं तिकडं पाणीच पाणी असा मुलूख एकदा डोळ्यानं बघायचाच हाय मला.

मालकांची फिकीर तू करू नको. ते मी बघते.

तुझी,
दानम्मा


उमरी
८ फेब्रुवारी

प्रिय दानम्मा,

बेट हलत नाही. समुद्राच्या तळातून डोंगर वर आलेला असतो, त्याचा शेंडा पाण्याबाहेर राहतो. आपण त्या शेंड्यावर उतरणार आहोत. बायका साड्या नेसतात, देविदासनं लिहिलं आहे. आणि मासळीचं म्हणशील तर गोदा म्हणते, मावशींसाठी भांडी वेगळी काढून ठेवते.

बेत असा आहे. अठ्ठावीस एप्रिलला तू उमरीत असावंस. इथून गाडीनं सिकंदराबाद, तिथून मद्रास. गोदाचा भाऊ मद्रासपर्यंत सोडायला येणार आहे. तीन मेला जहाज. महिन्याच्या शेवटी परत. तिकिटासाठी तुझं पूर्ण नाव आणि वय कळव. वय खरं लिही.

शाळेतला नकाशा जुना आहे. त्यात लातूर अजून उस्मानाबाद जिल्ह्यातच दाखवलंय. मी लाल शाईनं नवीन जिल्ह्याची रेघ ओढली आणि मुलींना म्हणाले, "माझी एक मैत्रीण या रेघेच्या आतून निघणार आणि इथं जाणार." अंदमान आमच्या नकाशात एवढंसं आहे, झुरळानं खाल्ल्यासारखे चार ठिपके. एका मुलीनं हात वर केला. "बाई, तुम्ही गेलाव का तिथं?" मी म्हणाले, "नाही. मी समुद्रच बघितला नाही अजून." मग ती म्हणाली, "मंग जाऊन या, आन आम्हाला सांगा." मला फार हलकं वाटलं, दानम्मा.

तुझी,
रुक्मिणी


लातूर
१९ फेब्रुवारी

रुक्मे,

नाव दानम्मा मलप्पा. वय छप्पन्न. गोदाला चोपन्न सांग.

माझी तयारी जोरात चालू हाय. शेजारची गौरम्मा म्हणली, जहाजात पोटातलं समदं ढवळून येतं. तिचा भाचा मिलिटरीत हाय, त्यानं सांगितलं म्हणं. मंग मी दुपारची बंगईवर बसून डोळे मिटून झोके घेऊन राहिले. पहिल्या दिवशी पाव घंट्यात गरगरलं. आता एक घंटा बसते आन वर कैरीचं लोणचं खाते. सुनेनं लेकाला सांगितलं, आत्याबाईंना काय तरी व्हायलंय. लेकानं डॉक्टरला आणलं. डॉक्टरनं नाडी बघितली आन म्हणला, तब्येत झकास हाय, झोका कमी घ्या.

एक नवी पिशवी शिवली. पायात घालायचा एक रबरी जोड घेतला, वाळूत चालायला. गल्लीतल्या अकरा बायांना सांगून झालंय. सिद्धम्मा म्हणली, माझ्यासाठी शंख आण. दुसरी म्हणली, बाटलीत समुद्राचं पाणी आण. मी म्हणलं, बाई, पाणी आणायचंच तर गोडं आणते की दोन पिंपं.

तिकिटं काढली का, ते लवकर कळव.

दानम्मा


उमरी
१५ मार्च

प्रिय दानम्मा,

उत्तराला उशीर झाला. कामं फार आहेत.

मला वाटतं, आपण हा बेत यंदा राहू द्यावा. दिवाळीनंतर बघू. मे महिन्यात समुद्र खवळायला लागतो असंही ऐकते. गोदाला मी अजून काही बोलले नाही, पण बोलेन. तू मनाला लावून घेऊ नकोस.

सुनेला आणि लेकराबाळांना आशीर्वाद.

रुक्मिणी


लातूर
२४ मार्च

रुक्मिणीबाईस,

पत्र मिळालं. सहा ओळींचं हाय. तू मला सहा ओळींचं पत्र कधी लिहिलं न्हाई, तुझा नवरा वारला तवा सुद्धा चार पानं लिहिली होतीस.

समुद्र खवळतो हे तुला जानेवारीत ठाव नव्हतं का? तू भूगोल शिकवती. मला समजायचं ते समजलं. तुझ्या ओळखीचे लोक शिकलेले, देविदास सरकारी नोकरीत. त्यांच्यापुढं ही अडाणी दालमिलवाली कुठं न्यावी, बेट हलतं का इचारणारी. गोदाला माझं पत्र वाचून दाखवलं असशील आन दोघी हसला असाल. हसा. पण तोंडावर सांगितलं असतंस तर बरं झालं असतं.

बंगई मी बांधून वर टाकली.

दानम्मा


उमरी
३० मार्च

दानम्मा,

तुझं पत्र वाचून दिवसभर हात चालेना. तू अडाणी आहेस असं माझ्या मनात आजवर आलेलं नाही. बेट हलतं का, हा प्रश्न माझ्या चौतीस वर्षांत एकाही मुलीनं विचारला नव्हता, आणि मी तो आता दरवर्षी वर्गाला विचारणार होते. ऐक, काय झालं ते सगळं सांगते. सांगितलं तर तूही बेत मोडशील, म्हणून लपवलं.

आमच्या शाळेच्या आवारात हापसा आहे. यंदा गावातले आड आटले, दोन बोअर कोरडे गेले. आमचा हापसा तेवढा चालतो. तोही एकसारखा नाही. घंटाभर हापसला की दम खातो, मग पुन्हा पाझरतो. म्हणून मी नंबर लावले. एका घरी दोन घागरी. फाटकाची किल्ली माझ्याकडं. स्टेशनपलीकडच्या वस्तीतल्या बायका पहाटेच येऊन बसतात, कारण त्यांना दुसरीकडं कुणी घागर लावू देत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी मला दोन दिवस नांदेडला मीटिंगला जावं लागलं. किल्ली केरबाकडं दिली. केरबा आमचा शिपाई, गरीब माणूस. इथं भुजंगराव म्हणून एक आहेत, त्यांची वीटभट्टी आहे. त्यांनी ट्रॅक्टरवर पिंपं आणली आणि केरबाला म्हणाले, "बाई न्हाईत ना? मंग उघड." दोन दिवस हापसा त्यांच्याच गड्यांनी हापसला. वस्तीतल्या बायका संध्याकाळपर्यंत रिकाम्या घागरी घेऊन बसल्या आणि तशाच परत गेल्या. त्यातल्या एकीनं ओढ्यातल्या खड्ड्याचं पाणी गाळून लेकराला पाजलं. लेकरू चार दिवस दवाखान्यात होतं. वाचलं.

मी परत आले. तीच बाई नंबरात उभी होती. तिनं नुसतं विचारलं, "बाई, पुन्हा कुठं जाणार हाव का?" मी म्हणाले, "नाही."

आता सांग, एप्रिल-मेत मी कशी निघू? केरबाला दोष देऊन उपयोग नाही, त्याची ताकदच तेवढी. दुसऱ्या बाई सुट्टीत माहेरी जातात. समुद्र काय, तो कुठं जात नाही. तू मात्र माझ्यावरचा राग सोड.

तुझी,
रुक्मिणी


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
लातूर
६ एप्रिल

रुक्मे,

राग सोडला. तू बी मागचं पत्र फाडून टाक.

आता मी बी खरं सांगते. मालकांना मी अजून काईच बोलले न्हाई. अकरा बायांना सांगितलं, गौरम्माला सांगितलं, मालकांना न्हाई. रोज ताट वाढताना मनात म्हणायची, आज सांगू. बेचाळीस वर्षांत मी त्यांना माझ्या हौसेसाठी काई मागितलं न्हाई, तर कसं मागतात तेच कळंना. तुझं सहा ओळींचं पत्र आलं तवा रागाच्या आत थोडं बरं बी वाटलं, की चला, आता इचारावं लागणार न्हाई. हे कुणाला सांगू नको.

मी असं ठरवलंय. तू जा. मी उमरीला येते आन तुझ्या हापशावर बसते. न्हाई म्हणू नको. मिलमधल्या तीस-तीस बायांना मी डाळ निवडायला बसवलंय, त्यात भांडणं किती मिटवली त्याची गणती न्हाई. पाण्याच्या नंबराला काय भ्यायचं? आन भुजंगराव असू दे न्हाई तर नागराज असू दे, मला तिथं ना शेत हाय ना नोकरी, माझं काय काढून घेणार?

मालकांना आज सकाळी म्हणलं, "रुक्मिणी गावाला चाललीया, महिनाभर तिचं घर आन शाळेचा हापसा बघायला माणूस न्हाई. मी जाऊ का?" ते म्हणले, "जा की." एका शब्दात. बघ, दुसऱ्याच्या कामाला निघालं की कुणी अडवत न्हाई.

तू भूगोल शिकवती. समुद्र आधी तू बघायचा. मी पंचवीस तारखेला येते. दोन दिवस मला किल्ली आन माणसं समजावून दे, आन मंग गाडीत बस.

रबरी जोड आणते. तुला व्हईल.

दानम्मा


पोर्ट ब्लेअर
११ मे १९८७

प्रिय दानम्मा,

हे पत्र उमरीला तुझ्या नावानं घालते आहे. माझ्याच पत्त्यावर दुसऱ्या कुणाचं नाव लिहिताना मजा वाटली.

मद्रासला समुद्र पहिल्यांदा पाहिला. त्याबद्दल काय लिहायचं ते मी गाडीतच जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही उपयोगी पडलं नाही. रिक्षातून उतरल्यावर गोदाचा भाऊ म्हणाला, "बाई, ते बघा." मला समोर भिंत आहे असं वाटलं. करड्या रंगाची, आभाळाला टेकलेली. मग ती भिंत हलली. मी चपला काढल्या, गोदाचं लेकरू माझ्या कडेवर होतं, तसंच पाण्यात गेले. पाणी मागं फिरतं तेव्हा पायाखालची वाळू ओढून नेतं, आणि आपण उभ्या उभ्या खाली जातो. हे कुठल्याच पुस्तकात नाही. मी कितीतरी वेळ तेवढंच करत राहिले. आजूबाजूला लोक शेंगदाणे खात होते, त्यांना काही विशेष वाटत नव्हतं.

जहाजात दीड दिवस मी आडवी होते. तुझा बंगईवरचा अभ्यास आठवत होता आणि आपण काहीच अभ्यास केला नाही याचा पश्चात्ताप होत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी गोदानं हाताला धरून वर नेलं. दानम्मा, मी मुलींना चौतीस वर्षं चुकीचा रंग शिकवला. मद्रासजवळ पाणी मातकट असतं, मग हिरवं, मधल्या समुद्रात जवळजवळ काळं, शाईच्या दौतीसारखं. आणि बेट जवळ आलं की असा रंग येतो त्याला आपल्याकडं नावच नाही. हरभऱ्याच्या कोवळ्या घाट्यात थोडं दूध घातलं तर कदाचित होईल. आणि मासे उडतात. पाण्यातून निघतात, चिमण्यांसारखे चांगले लांब जातात, पुन्हा पाण्यात. हे मी शाळेत सांगितलं तर मुली मला खोटी म्हणतील.

इथं डोंगरभर झाडी आहे, नारळ आहेत, देविदास रोज कामावरून आला की कुठं तरी घेऊन जातो. पण तुला एक सांगायलाच हवं. इथंही उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड येतो. चौथ्या दिवशी सकाळी गलका ऐकला म्हणून बाहेर गेले, तर कोपऱ्यावरच्या नळाला बायकांची रांग. बंगाली, तमिळ, तेलुगू, सगळ्या आपापल्या भाषेत भांडत होत्या. मला हसू आवरेना. मी थोडा वेळ बघत उभी राहिले. मग राहवलं नाही, गोदाला दुभाषी घेतलं आणि नंबर लावून दिले. आता सकाळी मी बाहेर दिसले की त्या मला "टीचरजी" म्हणून हाक मारतात. देविदास डोक्याला हात लावून म्हणाला, "बाई, तुम्ही फिरायला आलाव की ड्युटीवर?"

तुझं कसं चाललंय ते सगळं कळव. भुजंगरावांचं आधी लिही. मला इथं समुद्राकाठी बसूनही त्याचाच घोर लागतो.

तुझी,
रुक्मिणी


उमरी
१९ मे

रुक्मे,

तुझं पत्र मी नंबरातल्या बायांना वाचून दाखवलं. मासे उडतात इथपर्यंत आल्यावर केरबा म्हणला, "बाईंनी लिहिलं म्हणून ऐकून घेतो."

भुजंगरावाचं आधी लिहिते. तू गेलीस त्याच्या चौथ्या दिवशी ट्रॅक्टर आला. पिंपं होती. भुजंगराव खाली उतरला, मला बघून थांबला.

"मावशी, तुम्ही कुठल्या?"

"लातूरची."

"मंग लातूरचं बघा की. इथलं आम्ही बघतो."

मी म्हणलं, "बघून राहिले. तुझा नंबर एकेचाळिसावा हाय. घरून घागर आण. पिंपाला नंबर न्हाई."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगून राहिले की आत्ताच."

तो हसला, पण गालातच. म्हणला, "किल्ली द्या." मी उठून उभी राहिले. म्हणलं, "किल्ली माझ्या कमरंला खोवलीया. काढून घे." रांगंतली एक बाई हसली, मंग दुसरी, मंग समदी रांगच हसली. स्टेशनपलीकडच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. तो ट्रॅक्टर वळवून गेला. खरं सांगते, मला लई भ्याव वाटलं होतं. मी खाली बसले तर बायांना वाटलं, लई निवांत बसलीया.

त्या दिवसापासून मी बाज फाटकाला लावून टाकली. आठ दिवसांनी एक म्हातारी पितळी घागर घेऊन आली आन रांगंत उभी राहिली. कुणी तिच्याकडं बघंना. मी नाव इचारलं. विठाबाई, भुजंगरावाची माय. म्हणली, "लेकानं आणलेला टँकर भट्टीवरच रिकामा व्हतोय. घरी प्यायला कळशीभर न्हाई. लेकाला सांगितलं तर लेक म्हणतो उद्या. म्हणून मीच आले." अडतिसावा नंबर दिला. उन्हात उभी कशाला म्हणून माझ्या बाजंवर बसवलं.

घंट्याभरानं भुजंगराव मोटारसायकलवर आला. "आई, घरी चल. लोक बघायलेत."

"बघू दे. नंबर आल्याबिगर मी उठत न्हाई."

तो तिथंच उभा राहिला, हाताची घडी घालून. अर्धा घंटा. म्हातारीचा नंबर आला, ती हापशाचा दांडा धरायला गेली तर तिला खाली वढता येईना. रांगंतली कुणी पुढं झाली न्हाई, मी बी न्हाई झाले. शेवटी त्यानं बाह्या वर सारल्या आन स्वतः हापसलं. दोन घागरी. तेवढ्यात त्याचा सदरा भिजला घामानं. घागर उचलून निघाला तवा वस्तीतली ती बाई, जिचं लेकरू दवाखान्यात होतं ती, म्हणली, "दमला असशीन, पाणी पी." त्यानं वंजळीनं पाणी पिलं. पुन्हा ट्रॅक्टर आला न्हाई. म्हातारी मात्र रोज येती आन बाजंवर बसून मला समद्या गावाच्या कुळकथा सांगती.

आता माझं ऐक. पहिल्या सकाळी मी सवयीनं दोन कप चहा केला. दुसरा कुणाला द्यावा कळंना, मंग दोन्ही मीच पिले. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा उठल्या उठल्या कुणी काई मागितलं न्हाई. दुपारी हापसा दम खातो तवा मी तुझ्या वर्गात जाऊन बसते आन चौथीचं पुस्तक वाचते. अर्धं झालं. इथल्या बाया मला "हापशाच्या बाई" म्हणतात.

रविवारी मालक येऊन गेले. डाळीची पिशवी आणली होती. तासभर लिंबाखाली बसून रांग बघत होते. मी कुणाला तरी मोठ्यानं बोलले तर बाजूच्या माणसाला इचारलं, "या रोज अशाच बोलतात का?" जाताना मला म्हणले, "तुला येतंय की हे." बस, तेवढंच.

निवांत ये. घाई करू नको.

दानम्मा


उमरी
३ जुलै १९८७

प्रिय दानम्मा,

तीस तारखेला मी रिटायर झाले. हार, नारळ, भाषणं झाली. मी मात्र सकाळी चौथीच्या वर्गावर शेवटचा तास घेतला. मुलींना समुद्राचे चार रंग सांगितले, पायाखालची वाळू सांगितली. मासे उडतात हे सांगितल्यावर अपेक्षेप्रमाणे हसल्या. मग मी विचारलं, "बेट हलतं का?" निम्म्या मुलींनी हो म्हणून हात वर केला. तास संपला तरी वाद चालू होता.

शाळेला नव्या हेडबाई आल्या आहेत, वयानं लहान आहेत. किल्लीचं काय करायचं हे मी त्यांच्यावर टाकणार नव्हते. नंबरातल्या बायकांनाच विचारलं. त्यांनी आपसात बोलून विठाबाईंचं नाव सांगितलं. मी म्हणाले, "नीट विचार केलाय ना?" वस्तीतली बाई म्हणाली, "त्यांच्या लेकाला दुसरं कोण अडवणार?" आता पितळी घागरीच्या शेजारी माझी जुनी खुर्ची टाकून विठाबाई बसतात. भुजंगरावांच्या घरच्या दोन घागरी सगळ्यात शेवटी भरल्या जातात. हा नियम त्यांच्या आईनं केला आहे, मी नाही.

दानम्मा, तू तुझी सुट्टी मला दिलीस. मी तिकडं रोज काही तरी बघायची आणि शेजारी बघायची तर तू नाहीस. मला पुन्हा जायचं आहे, तुझ्याबरोबर. देविदास म्हणतो, डिसेंबर चांगला, समुद्र शांत असतो. आता मला कुठली किल्ली सांभाळायची नाही. तुझं मात्र एक काम राहिलं आहे आणि ते दुसऱ्या कुणी करण्यासारखं नाही. मलप्पांना विचार. नाही म्हणाले तर तसं कळव, हो म्हणाले तर तसं. पण विचार.

तुझी,
रुक्मिणी


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
लातूर
१४ जुलै

रुक्मे,

तुझं पत्र सहा दिवस उशाखाली ठेवलं. काल इचारलं.

मालक जेवायला बसले होते. सून आत होती. मी म्हणलं, "मला रुक्मिणीसंगं अंदमानाला जायचंय. डिसेंबरात. तिला काई काम न्हाई आन मला बी काई काम न्हाई. नुसतं बघायला जायचंय."

त्यांनी घास चावून संपवला. म्हणले, "हे कधीपासून मनात हाय?"

"जानेवारीपासून."

"मंग जानेवारीत का बोलली न्हाईस?"

"तुम्ही न्हाई म्हणला असता."

"तू इचारल्याबिगर मी न्हाई कसं म्हणणार?"

मी वरण वाढलं. ते जेवले, हात धुतला, टोपी घातली, मिलवर जायला निघाले. दारापर्यंत गेले आन थांबले. माझ्याकडं न बघता इचारलं, "त्या जहाजात भाकरी भेटती का?"

मी म्हणलं, "न्हाई. भात असतोय म्हणं तिन्ही टाइम."

"मंग ज्वारीचं पीठ घेऊन चला," म्हणले आन गेले.

मी तशीच उभी राहिले, हातात वरणाचं पातेलं. सुनेनं आतून इचारलं, "आत्याबाई, मामंजी काय म्हणले?" मी म्हणलं, "चला म्हणले." ती म्हणली, "म्हंजे जा म्हणले ना?" मी म्हणलं, "न्हाई गं. जा न्हाई म्हणले. चला म्हणले."

तर देविदासला तिघांचं लिही. आन तारीख लवकर कळव, मालक आज दुपारी बंगईवर बसले होते.

तुझी,
दानम्मा